मिश्र संशोधनपद्धती: आकडे आणि मुलाखती कुठे जोडायच्या हे आधी ठरवा

प्रश्नावली आणि मुलाखती दोन्ही घेतल्या म्हणजे संशोधन मिश्र पद्धतीचे झाले, असा समज शोधप्रबंधांच्या आराखड्यांत वारंवार दिसतो. एका प्रकरणात तक्ते, पुढच्या प्रकरणात मुलाखतींतले उतारे आणि दोहोंची गाठ कुठेच नाही, अशी मांडणी झाली की ते एकाच बांधणीतले दोन स्वतंत्र अभ्यास ठरतात. म्हणून आराखडा लिहिताना संख्यात्मक (आकड्यांनी सुटणाऱ्या) आणि गुणात्मक (लोकांच्या अनुभवांतून, बोलण्यातून सुटणाऱ्या) प्रश्नांच्या जोडीला तिसरा प्रश्न लिहावा, जो दोन्ही प्रकारची माहिती एकत्र ठेवल्याशिवाय सुटणारच नाही. असा प्रश्न सुचत नसेल, तर एकच पद्धत नीट वापरलेली बरी.

दोन पद्धती नेमक्या कशासाठी हव्यात, हे ठरवण्यासाठी ग्रीन, कॅराचेली आणि ग्रॅहम या संशोधकांनी 1989 मध्ये मांडलेले पाच हेतू आजही उपयोगी पडतात: निष्कर्षांचा पडताळा, पूरकता, एका पद्धतीच्या आधारे दुसरीची घडण, विसंगतीचा शोध आणि अभ्यासाची व्याप्ती वाढवणे. हेतू ठरला की क्रम जवळजवळ आपोआप ठरतो. पडताळा हवा असेल तर दोन्ही प्रकारची माहिती साधारण एकाच काळात गोळा करावी. विषय नवा असून प्रश्नावलीत काय विचारावे हेच स्पष्ट नसेल तर मुलाखती आधी घ्याव्यात. आणि आकड्यांमागचे कारण शोधायचे असेल तर सर्वेक्षण आधी करावे.

यांपैकी शेवटचा आराखडा नवख्या संशोधकाला सर्वांत सोयीचा, पण त्यातला कळीचा टप्पा बहुधा घाईत उरकला जातो. समजा, दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम विद्यार्थी अर्धवट का सोडतात हा विषय आहे आणि समाधानाचे गुण भरपूर देऊनही अभ्यासक्रम सोडणाऱ्यांचा एक गट सर्वेक्षणात दिसतो. मुलाखतींसाठी सहज उपलब्ध होणारे विद्यार्थी न घेता याच गटातले काही निवडावेत आणि तुलनेसाठी तितकेच गुण देऊन अभ्यासक्रम पूर्ण केलेलेही घ्यावेत. हे जमण्यासाठी प्रत्येक प्रश्नावलीला सांकेतिक क्रमांक असावा लागतो आणि पुढे मुलाखतीसाठी संपर्क साधला जाऊ शकतो, याची परवानगी संमतिपत्रातच घ्यावी लागते. पूर्णपणे निनावी सर्वेक्षण केल्यावर हा रस्ता बंद होतो. मुलाखतीचे प्रश्न आकडे पाहिल्यावरच पक्के होणार असल्याने नीतिमत्ता समितीपुढे त्यांचा कच्चा मसुदा ठेवून सुधारित आराखड्याच्या मंजुरीसाठी वेळ राखून ठेवावा.

विश्लेषणाच्या वेळी संयुक्त तक्ता करावा. प्रत्येक ओळीत एक मुद्दा, पहिल्या स्तंभात त्याचा आकडा, दुसऱ्यात मुलाखतींतून निघालेले सूत्र आणि एखादे प्रातिनिधिक वाक्य, तर तिसऱ्यात दोन्ही मिळून काय कळते याचे विधान. तिसरा स्तंभ भरताना हात अडखळतो तिथेच खरे काम सुरू होते. मुलाखतींचे संकेतन (उताऱ्यांना मुद्द्यांनुसार दिलेली नावे) मोजून त्यांच्या टक्केवाऱ्या काढण्याचा मोह मात्र आवरावा. जो प्रश्न सगळ्यांना विचारलाच नाही, त्यावर कोणी काही बोलले नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जुळले नाहीत तर अनेक जण गोंधळतात आणि गैरसोयीची बाजू तळटीपेत ढकलतात. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावात बेरोजगारीचा जो अभ्यास झाला, तो अशा वेळी आठवावा. कारखाना बंद पडल्यावर लोकांकडे वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या घटली. केवळ नोंदवहीवरून हे कोडे सुटले नसते. पण दिवसभर काय केले हे पुरुषांना धड सांगता येत नाही, हे वेळेच्या तक्त्यांतून दिसले आणि रस्त्यावर लोक किती संथ चालतात याचीही मोजणी झाली, तेव्हा मोकळा वेळ वाढूनही जगण्याची उमेद कशी आटते हे उलगडले.

विसंगती दिसली की आधी नमुना, म्हणजे दोन्हीकडे कोणाकोणाला विचारले, ते तपासावे, मग दोन्हीकडे तीच संकल्पना मोजली गेली होती का ते पाहावे. प्रश्नावलीतले ‘समाधान’ अध्यापनाविषयी आणि मुलाखतीतले घरच्या परिस्थितीविषयी असू शकते. त्यानंतरही भेद उरला तर तो निष्कर्ष म्हणूनच मांडावा. चर्चेचे प्रकरण पद्धतींनुसार न विभागता संशोधनप्रश्नांनुसार रचले, तर अशा विसंगतीला स्वतंत्र उपशीर्षक देता येते.