हेलिकॉप्टर शिकायला निघालात? आधी इंधनाचा हिशेब शिका

हेलिकॉप्टर पायलट व्हायचं म्हणून जी मुलं फोन करतात, ती खर्च विचारतात, किती तास लागतील विचारतात, नोकरी मिळेल का विचारतात. मी सगळ्याची उत्तरं देतो, आणि शेवटी मॉस्बीच्या अपघाताचा अहवाल वाचायला सांगतो.

26 ऑगस्ट 2011, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं मॉस्बी. एएस350 बी2 जातीचं अँब्युलन्स हेलिकॉप्टर एका रुग्णाला दुसऱ्या इस्पितळात हलवायला गेलं होतं. टाकीत वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी इंधन आहे, हे पायलटनं रुग्णाला घेण्याआधीच आपल्या केंद्राला कळवलं होतं. तिथेच थांबून इंधन मागवता आलं असतं. त्याऐवजी रुग्णाला घेऊन निघायचं आणि वाटेतल्या विमानतळावर टाकी भरायची, असं ठरलं. 45 मिनिटांचं इंधन आहे असं त्यानं सांगितलं. प्रत्यक्षात होतं साधारण 30 मिनिटांचं. विमानतळ मैलभरावर असताना इंजिन बंद पडलं. पायलट, नर्स, पॅरामेडिक आणि रुग्ण, चौघंही गेले.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती आजूबाजूची परिस्थिती. उजेड होता, हवा स्वच्छ होती, खाली सपाट शेतजमीन होती. इंजिन चालू असताना हेलिकॉप्टर कुठल्याही शेतात उतरवता आलं असतं. पण वाटेत मध्येच उतरणं पायलटला कमीपणाचं वाटतं, विशेषतः मागे कुणी बसलेलं असेल तर. खासगी उड्डाणात मागे मालक बसलेला असतो, त्यामुळे हे दडपण आणखी वाढतं. उतरायला लाजू नका. शेतमालकाची बोलणी खाल्लेली परवडतात.

तपासात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. पायलट थकलेला होता आणि ड्युटीवर असताना मोबाइलवर खासगी मेसेज करत होता. त्यानं लक्ष विचलित झालं, असं तपास संस्थेनं नोंदवलं. दुसरं, इंजिन बंद पडल्यावर त्याला ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाशिवाय, खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरती ठेवून उतरणं, साधलं नाही. पूर्ण वेगात असताना नुसतं कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली करून भागत नाही, त्याच क्षणी सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला झुकवणारी काठी) मागे घ्यावं लागतं, आणि सिम्युलेटरवर त्या वेगातला सराव त्याला मिळालेला नव्हता. तुमच्या इन्स्ट्रक्टरकडे हा सराव हट्टानं मागा.

आता हिशेब. समजा आर44 या छोट्या चार आसनी हेलिकॉप्टरमध्ये वापरण्याजोगं 30 गॅलन इंधन आहे आणि तासाला 15 गॅलन जळतं, म्हणजे हातात दोन तास. अमेरिकेत दिवसा व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेनं बघून केलेल्या, उड्डाणाला हेलिकॉप्टरसाठी किमान 20 मिनिटांचं राखीव इंधन लागतं. मी 30 धरतो. उरला दीड तास. 120 नॉटिकल मैल जायचंय, वेग 100 नॉट (तासाला 100 नॉटिकल मैल), म्हणजे 72 मिनिटं. वाटतं, भरपूर आहे. समोरून 20 नॉट वारा आला की तेच अंतर कापायला 90 मिनिटं लागतात, आणि सगळी शिल्लक तिथेच संपते. त्यातून पावसाळ्यात बोरघाटात ढग बसले की वळसा आलाच. लो फ्युएलचा दिवा लागेपर्यंत थांबू नका. आर44 मध्ये तो लागल्यावर जेमतेम दहा मिनिटं हातात असतात.

माझे इन्स्ट्रक्टर इंधनाच्या काट्यावर विसंबू द्यायचे नाहीत. टाकीचं झाकण उघडून मोजपट्टी बुडवायची, ओली खूण उजेडात धरून वाचायची, मग ती काट्याशी ताडून बघायची. त्यानंतर गुडघ्यावरच्या पॅडवर घड्याळातली एक वेळ लिहायची: ‘11:40 ला जमिनीवर’. टक्के नाहीत, गॅलन नाहीत, फक्त वेळ. ती वेळ शेजारी बसलेल्याला मोठ्यानं सांगायची. दुसऱ्याच्या कानावर घातलेला आकडा मनातल्या मनात वाढवता येत नाही.

प्रवासी जास्त असतील तर वजनासाठी इंधन कमी भरावं लागतं, हेही लक्षात ठेवा. चार माणसं आणि बॅगा घेऊन टाकी काठोकाठ भरता येईलच असं नाही. तेव्हा मधला थांबा आदल्या दिवशीच ठरवा, आणि तिथे तुमच्या इंजिनाचं इंधन मिळतं का ते फोन करून विचारा. आपल्याकडे पिस्टन इंजिनांना लागणारं एव्हगॅस प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, आणि लग्नासाठी शेतात आखलेल्या हेलिपॅडवर तर काहीच नसतं. शाळा निवडतानाही विचारा: उड्डाणाआधी टाकी मोजायला लावतात का, आणि विद्यार्थी इंधनासाठी वाटेत उतरला तर त्याला काय ऐकवतात?