तलवारीच्या सरावासाठी हाता-पायासारखं लक्ष्य

जपानी तामेशिगिरीत, म्हणजे तलवारीनं लक्ष्य कापून पाहण्याच्या सरावात, गवती चटईची गुंडाळी म्हणजे मांस आणि आतला हिरवा बांबू म्हणजे हाड, असा हिशेब असतो. आपल्याकडे शिंदीची जुनी चटई चालते, पण आधी ती झटकून धुवा. विणीत बसलेली रेती धार खाते. आत बोटाएवढा ओला बांबू ठेवून ३-४ इंच जाडीची घट्ट गुंडाळी करा आणि सुतळीनं चार-पाच ठिकाणी बांधा. तार किंवा खिळा अजिबात नको. वाळलेला बांबूही नको: तो चिरफाळतो, धारीला खांडे पाडतो आणि त्याच्या किलच्या उडतात.

गुंडाळी रात्रभर टाक्यात दगडाखाली दाबून ठेवा, सकाळी तासभर उभी करून निथळू द्या. उन्हाळ्यात नऊच्या आत काम उरका. ऊन चढलं की वरचा थर कडक होतो आणि पातं घसरतं.

वार तिरपा, साधारण ४५ अंशात. काप वाटीसारखा खोलगट आला तर पातं मधेच वळलं असं समजा. असा वार जोरानं रेटला की पातं वाकतं. जोर कमी करून धारेची दिशा सुधारा. लवचिक पात्याचा दांडपट्टा यावर चालवूच नका.

मूठ हलते का ते दर वाराआधी पाहा. शोभेची तलवार तर नकोच, तिचं पातं मुठीतून निसटतं. समोर-मागे १५ फुटांत कोणी नको, पोरं तर नाहीच. ९ इंचांहून लांब पात्यासाठी परवान्याचं आधी पोलीस ठाण्यात विचारा. काम झालं की पातं लगेच कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा.