चाचणीतील सहभागीला दुसऱ्या केंद्रावर पाठवताना

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्याच्या केज, धारूर, वडवणी भागातील मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यामुळे औषध चाचणीत नाव नोंदवताना, आणि त्यानंतर गणपतीच्या सुमारास पुन्हा एकदा, कोऑर्डिनेटरने, म्हणजे केंद्रावर चाचणीचे रोजचे काम सांभाळणाऱ्याने, सहभागीला ‘यंदा मुकादमाची उचल घेतली आहे का, कोणत्या कारखान्यावर जाणार’ हे विचारून ठेवावे. व्हिजिट (तपासणीची ठरलेली भेट) चुकल्यावर सुरू केलेला केंद्रबदल बहुधा उशिराचा ठरतो.

जिथे जायचे आहे तिथे त्याच चाचणीचे सुरू असलेले केंद्र आहे का, हे प्रायोजकाकडून (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनी किंवा संस्थेकडून) लेखी विचारून घ्यावे आणि दोन्ही केंद्रांच्या प्रमुख संशोधकांची संमती व प्रायोजकाची मंजुरी हाती आल्याशिवाय सहभागीला तारीख देऊ नये. सहभागीने अडचण सांगितली म्हणून त्याचे नाव ‘चाचणी सोडली’ असे नोंदवू नये, आणि नव्या केंद्रानेही त्याला नवा सहभागी समजून पुन्हा स्क्रीनिंग (पात्रतेची तपासणी) करू नये, कारण तसे केल्यास एकच माणूस आकडेवारीत दोनदा मोजला जातो. साधारणतः त्याचा मूळ क्रमांक आणि मिळालेला उपचारगट तोच राहतो. संगणकप्रणालीत केंद्र बदलण्याचे काम प्रायोजकाचा डेटा विभाग करतो.

नव्या केंद्रावर पहिले काम संमतिपत्राचे. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार केंद्राची स्वतःची नैतिकता समिती (सहभागींचे हित पाहून चाचणीला मान्यता देणारी समिती) नसेल, तर त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील समिती चालते. म्हणजे बीड जिल्ह्यातून सांगलीला गेलेल्या सहभागीसाठी समितीही बदलते आणि तक्रारीसाठीचा फोन नंबरही. म्हणून नव्या केंद्राचे, त्यांच्या समितीने मान्य केलेले मराठी संमतिपत्र समजावून, सही किंवा अंगठा घेऊन, एक प्रत सहभागीच्या हाती देईपर्यंत चाचणीची रक्ततपासणीसुद्धा करू नये.

मूळ कागदपत्रे जुन्या केंद्रातच राहतात. नव्या केंद्राला सहभागीच्या परवानगीने प्रमाणित प्रती जातात, आणि प्रायोजकाला पाठवायच्या कागदांवर नाव-पत्ता दिसणार नाही याची खात्री केली जाते. जुन्या केंद्राच्या नोंदींवर तिथल्याच संशोधकाने सही करावी. गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवायचा असल्याने, कोणत्या तारखेपासून ती जबाबदारी कोणाची हे केंद्रबदलाच्या पत्रात स्पष्ट लिहावे आणि अर्धवट राहिलेल्या घटनेचा पाठपुरावा कोण करणार, तेही लिहावे.

सर्वाधिक गोंधळ औषधांच्या हिशेबात होतो. एका मावशींनी निघण्यापूर्वीच्या व्हिजिटला पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या अकरा गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. पाकिटे त्यांनी घरीच टाकून दिली होती. संख्या डायरीशी जुळली, परंतु गोळ्या कोणत्या किटमधल्या (चाचणीसाठी दिलेल्या औषधाच्या कोणत्या संचातल्या) हे दाखवता आले नाही. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच्या फोनवर ‘रिकामी पाकिटेसुद्धा आणा, मावशी’ असे आवर्जून सांगते. उरलेले औषध जुन्या केंद्रात जमा करावे आणि नवे किट नव्या केंद्रातूनच द्यावे. मधल्या दिवसांसाठी औषध सोबत द्यायचे असेल, तर त्यासाठी प्रायोजकाची लेखी परवानगी आणि साठवणुकीच्या तापमानाची सूचना हवी.

निघताना सहभागीच्या हातात नव्या केंद्राचा पत्ता, तिथल्या कोऑर्डिनेटरचा फोन नंबर, पुढच्या व्हिजिटची तारीख आणि प्रवासखर्च कोणाकडून मिळेल ते मोठ्या अक्षरांत लिहिलेला एकच कागद द्यावा, आणि व्हिजिटच्या दोन दिवस आधी मुकादमाच्या नव्हे, तर कुटुंबातल्या माणसाच्या फोनवर बोलून सहभागी अजून केंद्राच्या जवळ आहे ना, हे विचारावे.