पिल्लू वस्तू पळवतंय? मागे धावू नका

ओटीवर काढलेली चप्पल तोंडात धरून कुत्र्याचं पिल्लू खळ्यात पळतं. मागून पोरं ओरडत धावतात, आजी पडवीतून काठी उगारते. या सगळ्यात सर्वांत खूश असतं ते पिल्लू. त्याला एवढंच कळतं की चप्पल उचलली की अख्खं घर आपल्याशी खेळायला येतं. स्वतःचा रबरी बॉल चघळत बसलेलं असताना मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून पहिला नियम घरातल्या माणसांसाठी आहे: मागे धावायचं नाही, ओरडायचं नाही. हा नियम पाळला नाही तर पुढचं काहीही लागू पडत नाही.

आधी पिल्लू वस्तू का उचलतंय ते ओळखा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि त्याला काहीतरी चावायलाच हवं असतं. असं पिल्लू वस्तू घेऊन खाटेखाली जातं आणि निवांत चघळत बसतं. खेळासाठी पळवणारं पिल्लू वस्तू तुमच्यासमोर आणतं, थांबतं, तुमच्याकडे बघतं आणि तुम्ही पाऊल टाकलं की सुटतं. तिसरा प्रकार वेगळा आहे. वस्तूवर मान घालून ताठ होणं, डोळ्यांच्या कडेतून बघणं, गुरगुरणं ही राखण झाली, त्याबद्दल पुढे येईलच.

घराची मांडणी

शिकवण्याआधी चोरीची संधी कमी करा. दर वेळी पळवलेली चप्पल हा पिल्लासाठी सवयीचा आणखी एक धडा असतो. चपला पायरीवर न ठेवता तीन फूट उंचीच्या फळीवर ठेवा. पाहुण्यांच्या चपलांसाठी झाकणाची पेटी बरी. पावसाळ्यात कपडे घरातच दोरीवर वाळत असतात, त्यातले मोजे आणि छोटे कपडे वरच्या दोरीवर घाला, कारण मोजा सहज गिळला जातो. आमसुलं, पापड, सुकी मासळी जमिनीवर चटईवर न वाळवता बाजेवर किंवा माचावर वाळत घाला. मासळी साफ केल्यावर डोकी, काटे आणि आतडी झाकणाच्या बादलीत टाका. परसात उघड्यावर फेकली तर पिल्लाला रोज तिथे जायची सवय लागेल. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये अर्धं दार असेल तर त्याचा उपयोग करा, नसेल तर फळी आडवी लावली तरी चालते.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा यावरचा उपाय नाही. बांधलेलं पिल्लू सुटलं की दुप्पट जोराने हाताला येईल ते उचलतं. त्यापेक्षा तुम्ही जवळ असताना त्याच्या पट्ट्याला दोन मीटरची हलकी दोरी लावून जमिनीवर सुटी सोडा. टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका, ती खाटेच्या पायात अडकते. पळापळ सुरू झाली की मागे न धावता दोरीवर पाय ठेवता येतो. दोरी लावून एकटं सोडायचं मात्र नाही.

चघळायला त्याच्या हक्काचं काहीतरी द्या. जुन्या सुती धोतराची पट्टी ओली करून गाठी मारा आणि फ्रीजरमध्ये गोठवून द्या, हिरड्यांना आराम पडतो. जाड आख्खं गाजरही चालतं, पण लक्ष ठेवून. रबरी खेळणं अंगठ्याच्या नखाने दाबून बघा, थोडं दबलं तर दातांना योग्य. गुराच्या शिंगांनी आणि कडक हाडांनी दात तुटतात. नारळाचं सोडण खेळायला देऊ नका, काथ्या पोटात जाऊन गोळा होतो. चार-पाच खेळणी ठेवा, पण एका वेळी दोनच बाहेर काढा, दोन दिवसांनी बदला. आणि त्याला झोपू द्या. लहान पिल्लू दिवसाला १८ तासांपर्यंत झोपतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला घरभर धुमाकूळ घालणारं पिल्लू बहुतेक वेळा न झोपलेलं असतं.

‘सोड’ शिकवणं

सगळ्या घराने एकच शब्द ठरवा. एकजण ‘सोड’, दुसरा ‘टाक’, तिसरा ‘दे इकडे’ म्हणाला तर पिल्लाच्या कानाला तो नुसता आवाज आहे. खाऊ म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा उकडलेलं अंडं घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. खारवलेली मासळी नको. शिकवणी दोन-तीन मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी.

सुरुवातीला पिल्लाच्या तोंडात काहीच नको. शांतपणे ‘सोड’ म्हणा, क्षणभर थांबा, मग तीन-चार तुकडे जमिनीवर टाका आणि बोटाने दाखवा. असं दहा-बारा वेळा. शब्द ऐकताच त्याची मान जमिनीकडे वळायला लागली की पहिली पायरी झाली. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि मग शब्द जमत नाही म्हणून कंटाळतात.

आता त्याला फारसं न आवडणारं खेळणं तोंडात असताना तेच करा. एकदाच ‘सोड’, क्षणभर विराम, खाऊ जमिनीवर. खाण्यासाठी तोंड उघडेल, खेळणं पडेल. तो तुकडे टिपत असताना दुसऱ्या हाताने खेळणं उचला आणि तुकडे संपल्यावर परत द्या. या परत देण्यातच सगळी मेख आहे. दर वेळी सोडल्यावर वस्तू गेलीच, असं झालं की पिल्लू पुढच्या वेळी जबडा घट्ट करतं. दहातल्या आठ वेळा वस्तू परत मिळते हे कळलं की सोडायला त्याची हरकत राहत नाही. मग हळूहळू जास्त आवडीच्या वस्तूंकडे जा: दोरी, टॉवेल, आणि शेवटी चप्पल. एखादी जुनी चप्पल शिकवणीपुरती काढा आणि लगेच आत ठेवा. ती खेळायला देऊन टाकू नका, जुनी चप्पल आणि नवी चप्पल यातला फरक पिल्लाला कळत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते खाऊ आधी दाखवल्याने. मग पिल्लू शब्दाकडे लक्ष न देता हाताकडे बघतं, आणि हात रिकामा दिसला की निघून जातं. शब्द आधी, हात नंतर. दोन आठवड्यांनी खाऊ खिशात न ठेवता फडताळातल्या डब्यात ठेवा. सोडल्यावर डब्यापर्यंत त्याच्यासोबत चालत जा आणि तिथे द्या. ‘सोड, सोड, सोड रे’ असं पुन्हा पुन्हा म्हटलं तर पहिल्या शब्दाला किंमत उरत नाही.

‘राहू दे’ हा त्याचा जोडीदार आहे, उचलण्याआधीचा. मुठीत खाऊ धरा. पिल्लू चाटेल, पंजा मारेल, तुम्ही गप्प बसा. नाक मागे घेतलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्या. मुठीपासून आपणहून दूर राहायला लागलं की मगच ‘राहू दे’ हा शब्द जोडा. नंतर उघडा तळवा, मग पायाखाली झाकलेला तुकडा, मग दोरीला धरून चपलेजवळून जाणं. एक पायरी पाच वेळांतून चार वेळा जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

तोंडात काहीतरी आहेच, आता काय?

जुनं फडकं किंवा पुठ्ठा असेल आणि तो ते गिळत नसेल तर दुर्लक्ष करा. पाठ फिरवा, आत जा, खाऊचा डबा वाजवा. खेळ संपला म्हणून तो बघायला येतो. धोक्याची वस्तू असेल तर घरातला सगळ्यात चांगला खाऊ काढा, ‘सोड’ म्हणा आणि तुकडे त्याच्यापासून थोडे लांब उधळा. एक-एक तुकडा टिपत तो सरकला की वस्तू उचला. जबडा उचकटायला गेलात तर तेवढ्यात बरीच पिल्लं गिळून टाकतात.

कोकणात पुढच्या गोष्टींवर डोळा ठेवा. मे-जूनमध्ये आंब्याखाली पडलेल्या कोयी गिळल्या की आतड्यात अडकतात. फणसाच्या आठळ्यांचंही तेच. काजूच्या ओल्या बियांच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट, पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या आणि माळ्यावरचं उंदराचं औषध ही सगळी विषं आहेत. किनाऱ्यावर जाळ्यातून फेकलेला केंड, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा विषारी मासा, पिल्लाच्या तोंडाला लागता कामा नये. मासेमारीचं सामान घरात असेल तर गळ आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बंद डब्यात ठेवा. गळ टोचला तर ओढू नका. तोंडातून किंवा मागून तंगुसाचा तुकडा लोंबत असेल तर तोही ओढू नका, आतून आतडं कापलं जातं. पुन्हा पुन्हा उलट्या, न खाणं, पोट कडक होणं, शी न होणं ही अडकल्याची लक्षणं आहेत. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तेवढं मीठच जिवावर बेतू शकतं. खाल्लेल्या वस्तूचं पाकीट किंवा उरलेला तुकडा घेऊन थेट डॉक्टरकडे जा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि रविवारी भेटेल अशा एका खासगी डॉक्टरचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

तासाभराने कुरतडलेली चप्पल सापडली तर काहीही करू नका. ‘बघा, मान खाली घातली, म्हणजे कळतंय त्याला’ असं आपण म्हणतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की तो ओशाळा चेहरा कुत्र्याने काही केलंय की नाही यापेक्षा मालक रागावलाय की नाही यावर ठरतो. काहीही न केलेल्या कुत्र्यांनीही रागावल्यावर तसाच चेहरा केला. म्हणजे ती मान तुमच्या आवाजाला घाबरून खाली गेलेली असते. मारलेलं पिल्लू चोरी सोडत नाही, ते तुमच्या नजरेआड चोरायला शिकतं, आणि नजरेआड गिळलेली कोय तुम्हाला दिसतही नाही.

गुरगुरण्याबद्दल. गुरगुरलं म्हणून चापट मारली तर पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावेल. अशा पिल्लाच्या वस्तूकडे हात नेऊ नका. ते चघळत असताना लांबून जाता जाता चांगला तुकडा फेका आणि तसंच पुढे चालत राहा. काही दिवसांनी तुम्ही दिसल्यावर त्याची शेपटी सैल हलायला लागली की एक पाऊल जवळून जा. मुलांना यात घेऊ नका. चावाचावी होत असेल तर पशुवैद्याला दाखवा, कधी कधी मागे कान किंवा दाताचं दुखणं असतं. दात लागून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, पिल्लू घरचं असलं तरी.

गणपतीत सगळ्या शिकवणीची परीक्षा असते. चाकरमानी येतात, ओटीवर पंधरा-वीस जोड चपला, जमिनीवर बॅगा, बॅगांत गोळ्यांची पाकिटं आणि मुलांची चॉकलेटं. महिनाभर आधी ‘सोड’ पक्कं करा. आल्या दिवशीच सगळ्यांना सांगा: बॅगा कपाटावर, पिल्लाच्या मागे धावायचं नाही, ताटातलं द्यायचं नाही. पुरणात किंवा पंचखाद्यात मनुका असतील तर ते पिल्लासाठी नाही. दुपारी आरतीच्या आणि जेवणाच्या गडबडीत त्याला अर्ध्या दाराआड, गोठवलेल्या गाठीच्या फडक्यासोबत दोन तास निजू द्या. सहा-आठ महिन्यांच्या वयात, गणपती असोत वा नसोत, शिकलेलं पिल्लूही पुन्हा चपला उचलायला लागतं. तेव्हा दोरी परत लावा, खाऊ परत खिशात आणा आणि रिकाम्या तोंडाच्या ‘सोड’पासून पुन्हा सुरुवात करा, या वेळी आठवडाभरात जमतं.