व्यंगचित्रकाराची सही कशी जपावी

वर्तमानपत्राचा कागद मुळात एका दिवसापुरता बनवलेला असतो. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य त्यात बहुतांशी तसेच राहते, आणि हवा व उजेड लागला की तेच कागद पिवळा, आम्लयुक्त आणि ठिसूळ करते. त्यामुळे 1951 पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त अनेक दशके रोज भेटत राहिलेल्या आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चे एखादे कात्रण एखाद्या घरात असेल आणि त्यावर लक्ष्मण यांनी आपुलकीने सही करून दिली असेल, तर जपायच्या दोन वेगळ्या वस्तू हाती आहेत असे समजावे : एक कागद आणि दुसरी शाई.

प्रथम शाई ओळखावी. काजळीपासून बनलेली इंडियन इंक उजेडात सहसा फिकी होत नाही. बॉलपेन, फाउंटन पेन आणि विशेषतः स्केचपेन यांच्या विरघळणाऱ्या रंजकांवर (डाय) आधारलेल्या शाया मात्र उन्हाच्या तिरिपेतही उडू लागतात, आणि उडालेली सही कोणत्याही उपायाने परत येत नाही. खात्री करण्यासाठी ओले बोट लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शंका असल्यास शाई उडणारीच आहे असे धरून चालावे.

त्यानंतर, इतर काहीही करण्यापूर्वी, पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) रंगीत स्कॅन प्रत काढावी. भिंतीवर लावायची ती या प्रतीची चांगली छपाई. मूळ कागद अंधारात ठेवण्याची कल्पना पुष्कळांना रुचत नाही, पण दिवाणखान्यात मिरवणे आणि वस्तू टिकवणे यांतले एकच निवडावे लागते. मूळच लावायचे असेल, तर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून कागद आणि काच यांत अंतर ठेवावे, माउंट व पाठीचा पुठ्ठा अॅसिड-फ्री (आम्लरहित) असल्याची फ्रेमवाल्याकडून खात्री करून घ्यावी, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती फ्रेम टांगू नये.

लॅमिनेशन हा यातला सर्वांत मोठा घात आहे. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते, आणि आतले आम्ल आपले काम करीतच राहते. सेलोटेपचेही तसेच : काही वर्षांत पट्टी गळून पडते, पण तिचा तपकिरी डिंक कागदाच्या धाग्यांत उतरलेला असतो. फाटलेली कडा जोडायचीच असेल, तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ एवढेच साहित्य मागच्या बाजूने, अगदी थोडे वापरावे; मात्र मागे छपाई किंवा शाई असेल, तर हे काम कागदसंवर्धकाकडेच सोपवावे.

ठेवण्यासाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट घ्यावे. बाजारातील स्वस्त, मऊ, वास येणारे पीव्हीसीचे फोल्डर शाई ओढून घेतात. पाकिटात पाठीमागे अॅसिड-फ्री पुठ्ठा सरकवावा आणि ते आडवे, स्टीलच्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. मुंबई, कोकण, गोवा येथील दमटपणात बुरशी आणि कसर ही दोन्ही संकटे खरी असतात. म्हणून त्या कप्प्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून रंग बदलताच त्या बदलाव्यात. कडुनिंबाचा पाला पुस्तकांत घालण्याची घरोघरची पद्धत येथे नको, कारण ओलसर पानाचा डाग कागदावर उमटतो. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्या मुखपृष्ठाचा ‘मोहिनी’ किंवा ‘हंस’ मासिकाचा सही केलेला अंक असेल, तर आधी मधल्या पिना पाहाव्यात : त्या गंजल्या असतील तर पातळ सुरीने टोके उचलून, पुढून न ओढता, मागून अलगद काढाव्यात.

सही कुणासाठी, कधी, कोणत्या प्रसंगी मिळाली आणि त्या वेळी व्यंगचित्रकार काय बोलले, हे वेगळ्या चांगल्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे. पत्राने आली असेल तर टपालाचा शिक्का असलेले पाकीटही टाकू नये, कारण सही खरी असल्याचा तोच पुढे मोठा आधार ठरतो.

एक कायदेशीर बाब राहते. कागद आपल्या मालकीचा झाला, तरी चित्राचा कॉपीराइट त्याबरोबर येत नाही. भारतात तो साधारणपणे कलावंताच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो, आणि वर्तमानपत्रात नोकरीवर असताना काढलेल्या चित्राच्या प्रसिद्धीचे हक्क बहुधा वर्तमानपत्राच्या मालकाकडे असतात. घरातल्या भिंतीसाठी प्रत काढण्यापर्यंत कुणी आक्षेप घेण्याचा संभव कमी, परंतु तीच प्रत मगांवर अथवा दिनदर्शिकेवर छापून विकायची असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी.