इंग्लंडमध्ये घर वाढवायचंय? कौन्सिलकडे अर्ज असा करा

आधी एवढं ठरवा: परवानगी लागते का? इंग्लंडमध्ये बरीच कामं ‘परमिटेड डेव्हलपमेंट’मध्ये, म्हणजे अर्ज न करता बांधायच्या सवलतीत, बसतात. मागच्या बाजूचं एकमजली एक्स्टेन्शन सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने जोडलेल्या) किंवा टेरेस (रांगेतल्या) घराला ३ मीटर, डिटॅच्डला (सुट्या घराला) ४ मीटरपर्यंत काढता येतं. उंची ४ मीटरपर्यंत. एक्स्टेन्शनपासून हद्द २ मीटरच्या आत असेल तर छपराची खालची कड ३ मीटरच्या वर नको. मोजायचं मात्र मूळ घरापासून, म्हणजे १ जुलै १९४८ला होतं तिथून, किंवा नंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तिथून. आधीच्या मालकाने मागे खोली काढली असेल तर ती तुमच्याच खात्यात धरली जाते. सगळ्यांचं गणित चुकतं ते इथेच.

फ्लॅटला ही सवलत नाही, हाउसहोल्डर अर्जही (घर वाढवण्यासाठीचा साधा अर्ज) चालत नाही. कॉन्झर्व्हेशन एरियात (जपणूक केलेल्या जुन्या भागात) सवलती कमी होतात. आर्टिकल ४ (ठरावीक भागात सवलत रद्द करणारा आदेश) किंवा जुन्या परवानगीतली एखादी अट त्या काढूनही घेते. सवलतीत बसत असलात तरी नेहमीच्या अर्जाच्या निम्म्या फीमध्ये लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला) घेऊन ठेवा. घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर (वकील) ते मागतो.

परवानगी लागणारच असेल तर प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवरून अर्ज भरा. १ एप्रिल २०२५पासून घर वाढवण्याची फी ५२८ पौंड झाली. पोर्टलचा सर्व्हिस चार्ज वेगळा. भरण्याआधी पोर्टलचा कॅल्क्युलेटर बघा, कारण दर बदलतात.

खरं काम नकाशांचं. लोकेशन प्लॅन १:१२५० मापाचा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या, परवाना असलेल्या नकाशावर. त्यात तुमची जागा लाल रेषेत, शेजारी तुमचीच आणखी जमीन असेल तर ती निळ्या रेषेत, आणि उत्तर दिशा. साइट प्लॅन (प्लॉटवर बांधकाम कुठे येतं ते दाखवणारा) १:५०० किंवा १:२००. शिवाय आत्ताचे आणि प्रस्तावित फ्लोअर प्लॅन व एलेव्हेशन (बाहेरच्या बाजूंची चित्रं), १:१०० किंवा १:५० मापाने. गूगलवरचा स्क्रीनशॉट चिकटवू नका, अर्ज परत येतो. कौन्सिलची स्वतःची ‘लोकल लिस्ट’ (जास्तीच्या कागदांची यादी) असते, झाडं, पूर वगैरेंचे कागद त्यात निघतात.

मालकीच्या सर्टिफिकेटवर घाईने ‘ए’ला (सगळी जागा फक्त तुमचीच) टिक करू नका. पाया किंवा पन्हळ हद्दीपलीकडे बोटभर जरी जात असेल तर शेजाऱ्याला रीतसर नोटीस देऊन ‘बी’ भरावं लागतं. चुकीचं सर्टिफिकेट म्हणजे अर्जच अवैध.

आई-बाबांसाठी बागेत वेगळी खोली काढणार असाल तर ती घराला पूरकच आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र दार आणि वेगळा मीटर दिसला की अधिकाऱ्याला ते दुसरं घर वाटतं, आणि दुसऱ्या घराला हाउसहोल्डर अर्ज पुरत नाही.

अर्ज ‘व्हॅलिड’ (कागद पूर्ण असलेला) ठरल्यापासून ८ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. अपुऱ्या कागदांवर घड्याळ सुरूच होत नाही. शेजाऱ्यांना मत मांडायला २१ दिवस मिळतात. उजेड अडणं, खाजगीपणा जाणं हे मुद्दे विचारात घेतात. ‘माझ्या घराची किंमत पडेल’ हा घेत नाहीत. अनेक कौन्सिलं शेजाऱ्याच्या जवळच्या खिडकीतून ४५ अंशांची रेषा काढून बघतात. ती तुमच्या भिंतीला छेदत असेल तर नकाशा आधीच आखूड करा. अधिकाऱ्याने सुधारित नकाशा मागितला तर मुदतवाढीला होकार देणं सहसा शहाणपणाचं.

‘बांधून टाकू, मग नियमित करून घेऊ’ हा हिशेब इथे महागात पडतो. बांधल्यावरही अर्ज करता येतो, पण तो फेटाळला तर पाडायची नोटीस येऊ शकते.

नकार आला तर १२ आठवड्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे (अपिलं ऐकणारी सरकारी संस्था) अपील करता येतं, त्याला फी नाही. कारण किरकोळ असेल तर नकाशा सुधारून पुन्हा अर्ज करणं बरं, पण फी पुन्हा भरावी लागते; पूर्वीची फुकट संधी डिसेंबर २०२३मध्ये बंद झाली.

मंजुरी सहसा ३ वर्षांची असते. ‘काम सुरू करण्यापूर्वी’ असा शब्द असलेली प्रत्येक अट आधी पूर्ण करून घ्या. बिल्डिंग रेग्युलेशन्स (बांधकामाच्या सुरक्षेचे तांत्रिक नियम) वेगळे. सामाईक भिंतीवर काम असेल तर पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याची नोटीस शेजाऱ्याला २ महिने आधी, शेजारच्या पायालगत खणायचं असेल तर १ महिना आधी द्या.