नाशिकमधे बसून अमेरिकेतली टॉपची हायस्कूल फुटबॉलवाली पोरं कशी बघायची

हेल्मेटवालं फुटबॉल बरं का, मेस्सीवालं नाही, आधीच सांगून टाकतो. एनएफएल, म्हणजे त्याची अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघणारे आपल्याकडे आता बऱ्यापैकी झालेत, कोणाचा भाऊ ह्यूस्टनला, कोणाची ताई डॅलसला, त्यामुळे सुपर बोलच्या (एनएफएलची फायनल) सोमवारी पहाटे पाचला उठून बसणारी मंडळी कॉलेज रोडलाही सापडतील आणि सिडकोतही. पण एनएफएलमधे जी पोरं आज दिसतात ती चार-पाच वर्षं आधी शोकेस सामन्यांमधे, म्हणजे देशभरातली निवडक हायस्कूलची पोरं एकत्र आणून खेळवतात त्या सामन्यांमधे, खेळून गेलेली असतात, आणि ते सामने नेहमीच्या मॅचसारखे बघायला बसलात तर अर्ध्या तासात कंटाळून झोपाल. कारण स्कोअरला तिथे काडीची किंमत नसते.

मोठे सामने दोन. एक ऑल-अमेरिकन बोल, जो वर्षानुवर्षं टेक्सासमधे सॅन अँटोनिओच्या अलामोडोममधे होत आलाय, आणि दुसरा अंडर आर्मर या खेळाचे कपडे बनवणाऱ्या कंपनीचा, २००८ पासून फ्लोरिडात. दोन्ही जानेवारीच्या सुरुवातीला असतात आणि खेळणारे सगळे आपल्या बारावीच्या वयाचे. रेजी बुश, एड्रियन पीटरसन, टिम टीबो, अँड्र्यू लक हे पुढे एनएफएलमधे गेलेले सगळे त्या वयात सॅन अँटोनिओत खेळलेत.

वेळेचं गणित सोपं आहे. जानेवारीत सॅन अँटोनिओपेक्षा आपण साडेअकरा तास पुढे, म्हणजे तिकडे दुपारचे बारा तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. फ्लोरिडातल्या मॅचसाठी साडेदहा तास धरा, तिकडे चारला सुरू झाली तर इकडे रात्रीचे अडीच, आणि नाशिकची जानेवारीतली अडीचची थंडी काय असते ते सांगायला नको. मी तर म्हणेन दुसरी मॅच लाईव्ह बघूच नका, सकाळी मिसळ खाऊन या आणि मग हायलाइट्स लावा, काही बिघडत नाही.

आता मुद्द्याचं. मॅचपेक्षा आधीच्या आठवड्यातली प्रॅक्टिस बघा. मॅच फक्त तीन तासांची, त्यात दर क्वार्टरला पोरं बदलतात, कोणाच्या वाट्याला पंधरा-वीस प्लेच (एकेक डाव) येतात, शिवाय अशा सामन्यात ब्लिट्झवर (जादा गडी क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, सोडणं) बहुतेक वेळा बंधनं असतात आणि डिफेन्स मुद्दाम साधा ठेवतात कारण टीम जमून जेमतेम आठवडा झालेला असतो. प्रॅक्टिसमधे मात्र तोच पोरगा तोडीस तोड पोरासमोर पुन्हा पुन्हा उभा राहतो. गावाकडच्या लीगमधे हा सगळ्यांना लोळवत होता, इथे पहिल्यांदा समोर त्याच्याच मापाचा गडी आलाय, मग काय करतो? हेच बघायचंय. प्रॅक्टिसच्या क्लिपा पत्रकार आणि रिक्रूटिंगवाल्या साइट्स (कॉलेजं कोणती पोरं घेणार याच्या बातम्या देणाऱ्या) रोज टाकत असतात, फोनवर आरामात बघता येतात.

त्याआधी एक काम, सगळी शंभर पोरं बघायच्या नादाला लागू नका. पाच-सहा नावं निवडा, वेगवेगळ्या पोझिशनची, आणि निदान दोन तरी लाइनमन (पुढच्या रांगेत एकमेकांना भिडणारे दांडगे गडी) घ्या. प्रत्येकाचा हडल या साइटवरचा व्हिडिओ बघून ठेवा, क्लिप सुरू होताना त्या पोराभोवती गोल किंवा बाण येतो त्यामुळे शोधावं लागत नाही. पण तो व्हिडिओ म्हणजे लग्नाच्या बायोडेटासारखा, चांगलं तेवढंच असतं. उंची-वजनही हायस्कूलच्या यादीतलं खरं धरू नका, एखाद-दोन इंच सर्रास वाढवलेले असतात, शोकेसला पोरांना मोजतात तेव्हा खरा आकडा कळतो. चाळीस यार्डांच्या धावेचंही तेच, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, हातातल्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा बहुतेक वेळा कमीच भरते, तेव्हा कोणी ४.४ सेकंद म्हणालं तर आधी विचारा मोजलं कशाने.

वन ऑन वन ड्रिल सगळ्यात मजेशीर आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते पण इथेच. रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) विरुद्ध कॉर्नर (त्याला अडवणारा) हा ड्रिल रिसीव्हरच्या बाजूने झुकलेला असतो, क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणी येत नाही, कॉर्नरच्या मागे मदतीला सेफ्टी (सगळ्यात मागचा राखणदार) नाही, वेळच वेळ. त्यामुळे रिसीव्हरने कॅच घेतला यात विशेष काही नाही. कॉर्नरने दहातले चार अडवले तरी तो पोरगा भारी आहे असं समजा. लाइनमनच्या ड्रिलमधे नेमकं उलटं, तिथे फायदा डिफेन्सवाल्याचा, कारण खऱ्या मॅचमधे टॅकलच्या (ऑफेन्सच्या रांगेतला कडेचा लाइनमन) शेजारी गार्ड हा दुसरा लाइनमन असतो, कधी रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) धक्का देऊन मदत करतो, इथे तो बिचारा एकटा. सोशल मीडियावर जी 'बघा कसा उडवला' टाइपची क्लिप फिरते ती निम्म्या वेळा ह्याच ड्रिलमधली असते आणि त्यावरून ऑफेन्सच्या पोराला कच्चा ठरवणं म्हणजे अन्याय आहे.

मग बघायचं काय, तर पाय. कबड्डी बघणाऱ्यांना हे पटकन जमेल, रेडर सोडून कॉर्नरवाल्याच्या पायांकडे बघायची सवय असतेच. ऑफेन्सिव्ह टॅकल गुडघ्यात वाकतोय की कमरेत ते बघा, कमरेत वाकणारा पुढे झुकतो आणि चपळ डिफेन्सवाला त्याला हिसका देऊन निघून जातो. कॉर्नरची कंबर किती सहज वळते, की रिसीव्हर पुढे निघाल्यावर घाबरून जर्सी धरतो. रिसीव्हर वळायच्या आधी खांद्याने सांगून टाकतो का. क्वार्टरबॅकची ताकद सगळेच बघतात, साठ यार्ड फेकला की वा वा, पण रिसीव्हर वळायच्या आधी बॉल हातातून सुटतो का ते बघा, वळलेला दिसल्यावर फेकणाऱ्याचा कॉलेजमधे बॉल चोरीला जाणारच. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे हरल्यानंतरचा दुसरा प्रयत्न. पहिल्यांदा आतल्या बाजूने फसला, परत रांगेत आला, आता काही बदल केला की तसाच फसला. यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच स्टारवरून कळत नाही.

स्टारचं थोडक्यात, म्हणजे रिक्रूटिंगवाल्या साइट्स हायस्कूलच्या पोरांना देतात ते रेटिंग. पाच स्टार म्हणजे सर्वोच्च, ट्वेंटीफोर सेव्हन स्पोर्ट्स ही साइट साधारण बत्तीस जणांनाच देते, एनएफएल ड्राफ्टच्या (संघ कॉलेजातली पोरं क्रमाने निवडतात तो) पहिल्या राऊंडमधे बत्तीस जागा असतात त्या हिशोबाने. पाच स्टारवाले पुढे जाण्याची शक्यता जास्त हे खरंच आहे, उगाच सगळं खोटं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण एनएफएलचा नावाजलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स तीन स्टारचा होता, आणि तसाच दुसरा क्वार्टरबॅक जॉश ॲलन, त्याला हायस्कूलनंतर मोठ्या कॉलेजची एकही ऑफर नव्हती, ज्युनिअर कॉलेजातून वायोमिंगला गेला आणि २०१८ मधे ड्राफ्टला सातवा.

मॅचच्या दिवशी बॉलच्या मागे धावू नका, प्रत्येक प्लेला तुमच्या यादीतला एकच पोरगा धरा. मधेच टेबलावर वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्या मांडून कॉलेज निवडायचा कार्यक्रम होतो, तो चहा ठेवायचा वेळ, कारण २०१७ पासून डिसेंबरमधेच कॉलेजशी सही करायची सोय झालीय आणि बहुतेकांचं तेव्हाच ठरलेलं असतं. आणि सतरा-अठरा वर्षांची लेकरं आहेत, बॉल सुटला म्हणून त्यांच्या अकाउंटवर जाऊन काहीबाही लिहू नका, ग्रुपवर काय हसायचं ते हसा.

वहीत प्रत्येकाबद्दल दोन-दोन ओळी लिहून ठेवा आणि ऑगस्टअखेर कॉलेज सीझन सुरू झाला की पडताळा. रिसीव्हर, कॉर्नर लवकर दिसतील, लाइनमनला दोन-तीन वर्षं द्या, अंग भरायला वेळ लागतो. आणि शोधताना नावाने शोधा, कॉलेजने नको, ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलायची सोय) पोरगं कधीच दुसरीकडे गेलेलं असतं.